हातमागाच्या कार्यशाळेला पहिल्यांदा जाताना: ताणा चढवण्यापासून कापड धुण्यापर्यंत

पुण्यात शनिवार-रविवारी विणकामाच्या ज्या कार्यशाळा होतात त्या सगळ्या एका जातीच्या नसतात. काही ठिकाणी तुम्ही पोचता तेव्हा मागावर ताणा (उभे धागे) चढवून तयार असतो. धोटा (आडवा धागा नेणारं साधन) हातात मिळतो, तीन-चार तासांत वीतभर कापड निघतं आणि फोटो काढून घरी. दुसऱ्या ठिकाणी निम्मा दिवस उभे धागे मोजण्यात, ओवण्यात आणि ताणण्यातच जातो. नवख्या माणसाला पहिली जास्त रंजक वाटते. पण छंद म्हणून पुढे विणत राहायचं असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: दुसरीच निवडा. आडवा धागा टाकायला कुणालाही अर्ध्या तासात येतं. कापडाची रुंदी, कडा, पोत हे सगळं ताणा चढवतानाच ठरून जातं, आणि नंतर घरी एकट्याने काम करताना अडतं तेही नेमकं तिथेच.

नाव नोंदवण्याआधी

पहिला प्रश्न विचारायचा तो माग कोणता आहे हा. फ्रेम माग म्हणजे लाकडी चौकट आणि तिच्यावर ताणलेले धागे. यावर भिंतीवर टांगायच्या वस्तू, कोस्टर, छोटे गालिचे होतात. अंगावर घ्यायचं मऊ कापड होत नाही. रिजिड हेडल माग टेबलावर मावतो. त्यात एकाच पट्टीत भोकं आणि फटी एकाआड एक असतात, आणि ही पट्टी फणीचंही (आडवा धागा दाबून बसवण्याचं) काम करते. स्टोल, रनर, नॅपकिन विणायला आणि शिकायला हा सर्वांत सोयीचा. चार शाफ्टचा (धागे वर-खाली करणाऱ्या चार चौकटींचा) टेबल माग घेतला तर साध्या विणीबरोबर ट्विलसारख्या तिरप्या रेघांच्या विणीही जमतात, पण ओवायला वेळ दुप्पट लागतो. खड्डा मागावर विणकर जमिनीच्या कडेला बसतो आणि पाय खाली खड्ड्यातल्या पावड्यांवर (पायाने दाबायच्या पट्ट्यांवर) असतात. संधी मिळाली तर त्यावर जरूर बसा, मात्र एका दिवसात त्यावर हातपाय एकत्र चालायला लागतील अशी अपेक्षा ठेवू नका.

पैठणीच्या कार्यशाळेबद्दल वेगळं सांगायला हवं. येवला आणि पैठणच्या परंपरेतल्या काठपदरावरची नक्षी धागे मोजून, प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी (धागा गुंडाळलेली नळी) फिरवून, हाताने भरली जाते. एका दिवसाच्या वर्गात तुम्हाला दोन रंगांचे धागे एकमेकांत कसे अडकवतात ते समजेल आणि बोटभर नमुना होईल. तेवढ्यासाठी जा आणि समाधानाने या. आधी साधी वीण केलेली असेल तर त्या बोटभर नमुन्यातूनही पुष्कळ हाती लागतं.

पुढचे प्रश्न: एका मागावर एकच जण का दोघं? एका शिक्षकामागे किती जण? चार ते सहा ठीक. दहाच्या वर गेले की ताणा चढवताना प्रत्येकाला एकाच वेळी मदत लागते आणि रांग लागते. ताणा आम्ही चढवणार का? किती रुंदीचं आणि किती लांबीचं कापड अपेक्षित आहे? सूत फीमध्ये धरलंय का? विणून पूर्ण झालं नाही तर काय? हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. माग घरी नेता येत नाही आणि अर्धवट कापड कापून घ्यावं लागतं, तेव्हा हळहळ वाटते. नवखा माणूस मिनिटाला चार-पाच आडवे धागे टाकतो. इंचाला दहा धागे धरले तर एका इंचाला दोन-अडीच मिनिटं. त्यात धागा सोडवणं, चुकीचं उसवणं, कांडी भरणं मिळवा. म्हणजे बेचाळीस इंच विणायला सलग अडीच-तीन तास आणि ताणा चढवायला त्याआधी दोन-अडीच तास. एका दिवसात ताणाही स्वतः चढवायचा आणि पूर्ण लांबीचा स्टोलही न्यायचा, असं कुणी सांगत असेल तर गणित पुन्हा विचारा. दोन दिवसांची कार्यशाळा असेल तर ती घ्या.

सोबत काय न्यायचं

छोटी धारदार कात्री, मोजपट्टी (इंच आणि सेंटिमीटर दोन्ही असलेली), बोथट टोकाची जाड सुई, पेन्सिल, वही. चष्मा लागत असेल तर जवळचं वाचायचा चष्मा नक्की. हेडलच्या भोकातून धागा काढताना तो नसेल तर अर्ध्या तासात डोळे दुखतात. बाह्या घट्ट किंवा कोपरापर्यंतच्या असाव्यात. बांगड्या, अंगठ्या, लांब ओढणी त्या दिवशी घरी ठेवा, केस बांधा. नखं आदल्या दिवशी कापून कानशीने गुळगुळीत करा. खरबरीत नख सुताच्या धाग्यात अडकतं आणि त्याचे तंतू उपसून काढतं. रेशीम असेल तर त्याहून वाईट.

दिवसभर एका जागी बसायचं असतं, तेव्हा खुर्चीची उंची पाहून घ्या. कोपर मागाच्या पुढच्या दांड्याच्या किंचित वर असावं. खुर्ची बुटकी असली की खांदे वर चढतात आणि दुपारी मान धरते. खाली एखादी उशी घेतली तरी फरक पडतो. दर पाऊण तासाने उठा.

सूत हातात घेऊन पाहा

कार्यशाळेत रंग निवडायला सांगतात तेव्हा सगळे आधी रंगच पाहतात. त्याआधी धागा पाहायचा. ताण्याला लागणारा धागा मजबूत, पीळदार आणि न ताणला जाणारा हवा. हातभर धागा घेऊन दोन्ही टोकं झटक्याने ओढा. टक्कन तुटला किंवा रबरासारखा लांबला तर तो ताण्याला नको. मग त्याच धाग्यावर नखाने पाच-सहा वेळा घासा. लगेच पिंजारला तर हेडलमध्येही पिंजारेल. लक्ष्मी रस्त्यावर आणि रविवार पेठेत विणकामाच्या सुयांसाठी मिळणारी ॲक्रिलिक लोकर याच परीक्षेत नापास होते. ती मागावर ताणली जाते, कापड उतरवलं की आखडते, आणि मोजमाप बिघडतं. बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, चालेल, ताण्याला नाही.

एकेरी सूत ताण्याला लावायचं तर त्याला खळ द्यावी लागते. घोंगडी विणणारे लोकरीच्या ताण्याला चिंचोक्यांची खळ लावतात ती याचसाठी, धागा घासला जाऊन तुटू नये म्हणून. नवख्याने या भानगडीत न पडता दोन किंवा चार पदरी सूत घ्यावं.

सुताच्या पुडक्यावर २/२०, ४/१० असे आकडे असतात. पहिला आकडा पदर किती, दुसरा एका पदराचा काउंट. काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लड्या बसतात तो आकडा, म्हणून काउंट जितका मोठा तितकं सूत बारीक. ४/१० म्हणजे दहाच्या काउंटचे चार पदर. त्याची जाडी अडीच काउंटच्या एकेरी सुताएवढी, आणि १०० ग्रॅममध्ये ते सुमारे ४२० मीटर भरतं. २/२० घेतलं तर १०० ग्रॅममध्ये सुमारे १,७०० मीटर. दोन्ही सुतंच, पण एकाच फणीत चालणार नाहीत.

किती दाट विणायचं हे मोजपट्टीवर ठरतं. धागा मोजपट्टीभोवती एक इंच जागेत शेजारी-शेजारी गुंडाळा, न चेपता आणि फटही न ठेवता. वेढे मोजा आणि त्यांचं निम्मं करा. साध्या विणीत इंचाला तेवढे उभे धागे. वीस वेढे आले तर दहा धागे, म्हणजे इंचाला दहाची रिजिड हेडल पट्टी. निम्मं का? कारण उरलेली निम्मी जागा आडव्या धाग्याला वर-खाली जायला लागते. यापेक्षा दाट भरलं तर कापड पुठ्ठ्यासारखं कडक होतं, विरळ भरलं तर धागे सरकतात आणि जाळी दिसते.

रंगाबद्दल एवढंच: पहिल्या खेपेला ताणा फिक्या रंगाचा आणि बाणा त्याहून ठळक वेगळा घ्या. चूक लगेच दिसते. काळा ताणा ओवताना दिसत नाही. ट्यूबलाइटच्या उजेडात तर अजिबात नाही. गडद लाल, निळं सूत घेतलं तर टोक ओलं करून पांढऱ्या रुमालात दाबून पाहा. रुमालावर रंग उतरला तर ते पांढऱ्याशेजारी वापरू नका.

कागदावरचं गणित

समजा बारा इंच रुंद आणि धुतल्यानंतर छत्तीस इंच लांब असा टेबल रनर करायचा आहे. सूत ४/१०, इंचाला दहा.

उभे धागे: १२ गुणिले १० म्हणजे १२०. लांबी: मागावर विणताना धागा वर-खाली जातो आणि धुतल्यावर कापड आटतं, त्यासाठी साधारण पंधरा टक्के धरा. म्हणजे मागावर बेचाळीस इंच विणायचं. शेवटचा दीड-दोन फूट ताणा हेडल आणि मागच्या दांड्यामध्ये अडकतो, त्यावर विणता येत नाही; त्याला आणि झालरीला मिळून २४ इंच. बेरीज ६६, आणि चुकांसाठी थोडं जास्त धरून ७२ इंच, म्हणजे सहा फूट. १२० धागे गुणिले १.८३ मीटर, सुमारे २२० मीटर ताणा.

बाणा: ४२ इंच गुणिले १० म्हणजे ४२० आडवे धागे, प्रत्येक साधारण १३ इंच (बारा इंच रुंदी आणि वळणाचा इंच). सुमारे १४० मीटर. एकूण ३६० मीटर, म्हणजे ८५-८६ ग्रॅम. शंभर ग्रॅमची लडी पुरते, पण दीडशे घ्या. मध्येच सूत संपलं आणि दुसऱ्या खेपेला रंगवलेलं सूत आणलं तर दोन्हींतला फरक कापडावर पट्टा होऊन दिसतो.

रुंदीही बाराची बारा राहत नाही. मागावर अकरा-साडेअकरा होते, धुतल्यावर साडेदहाच्या आसपास. नेमकी बारा इंच तयार रुंदी हवी असेल तर ताणा साडेतेरा इंचांवर भरा.

ताणा चढवणं

रिजिड हेडल मागावर थेट ताणा घालण्याची पद्धत एका टेबलावर जमते, म्हणून ती इथे पूर्ण देतो.

माग टेबलाच्या कडेला असा ठेवा की मागचा दांडा कडेबाहेर येईल, आणि क्लॅम्पने पक्का करा. हलून पाहा, इथे ढिलेपणा राहिला तर पुढचं सगळं ढिलं. समोर, मागच्या दांड्यावरच्या काठीपासून ७२ इंचांवर, दुसऱ्या टेबलाला खुंटी क्लॅम्प करा. हेडल पट्टी मधल्या, म्हणजे ना वर ना खाली, अशा जागी ठेवा. पट्टीच्या मध्यापासून दोन्हीकडे सहा-सहा इंच मोजून पेन्सिलने खूण करा. ही खूण करायची राहिली तर कापड एका बाजूला जातं आणि विणताना ताण एका कडेलाच येतो.

सुताचा गोळा मागे जमिनीवर, भांड्यात ठेवा म्हणजे तो पळणार नाही. टोक मागच्या काठीला बांधा. आता हुक समोरून पहिल्या फटीतून मागे घाला, धाग्याची घडी पकडून पुढे ओढा आणि ती खुंटीवर नेऊन अडकवा. भोकातून नाही, फटीतून. प्रत्येक फटीत दोन धागे येतात. मागे धागा काठीवरून एकदा वरून, एकदा खालून फिरतो. साठ फटी झाल्या की १२० धागे झाले.

इथे वेग महत्त्वाचा नाही, ताण सारखा ठेवणं महत्त्वाचं आहे. पहिल्या दहा फटी जपून होतात, मग हात सरावतो आणि नकळत जोरात ओढू लागतो, शेवटी कंटाळा येतो आणि सैल सोडतो. नवख्याच्या ताण्यात डावी कड सैल आणि मधला भाग घट्ट असतो तो याच कारणाने. उपाय साधा: धागा घट्ट करायचाच नाही, फक्त सरळ करायचा. झोळ दिसेनासा झाला की थांबा. दर दहा फटींनंतर तळहाताने सगळे धागे एकदा हलके दाबून पाहा, आणि दहा-दहाच्या गटाभोवती वेगळ्या रंगाचा दोरा बांधा. मोजणी चुकणार नाही.

झाल्यावर खुंटीजवळ धागे कापा आणि टोकाला सैल गाठ मारा. आता ताणा मागच्या दांड्यावर गुंडाळायचा. याला दोन माणसं लागतात. एक जण समोर उभं राहून संपूर्ण जुडा दोन्ही हातांनी, सारख्या जोराने, मागे झुकून धरून ठेवतो. दुसरा दांडा फिरवतो. प्रत्येक वेढ्याबरोबर मध्ये कागद घालायचा. वह्यांना घालायचा खाकी कागद उत्तम. अप्पा बळवंत चौकात रोल मिळतो. कागदाची रुंदी ताण्यापेक्षा दोन्हीकडे एक-एक इंच जास्त हवी. नाहीतर कडेचे धागे कागदावरून खाली घसरतात, त्यांचा वेढा लहान होतो आणि अर्ध्या कापडानंतर कडा सैल पडतात. कागद का, असं अनेकांना वाटतं. कागद नसेल तर वरचे धागे खालच्या धाग्यांच्या फटीत रुततात आणि प्रत्येकाची लांबी वेगळी होते.

समोर नऊ-दहा इंच धागा उरला की थांबा. आता प्रत्येक फटीतल्या दोन धाग्यांपैकी एक बाहेर काढून शेजारच्या भोकातून ओवा. नेहमी त्याच बाजूच्या भोकात. हे काम बसून, उजेड पट्टीच्या मागून येईल अशा जागी करा. पट्टीमागे पांढरा कागद धरला तर भोक ठळक दिसतं. दर एक इंचाला थांबून पाहा: भोक, फट, भोक, फट, प्रत्येकात एकच धागा. आत्ता सापडलेली चूक दहा सेकंदांत दुरुस्त होते. वीतभर विणल्यावर सापडली तर पुढच्या सगळ्या गाठी सोडाव्या लागतात.

शेवटी पुढच्या काठीला बांधणं. एक-एक इंचाचे, म्हणजे दहा धाग्यांचे जुडगे करा. जुडगा काठीवरून वर नेऊन दोन भागांत खालून घ्या आणि वर अर्धी गाठ दोनदा फिरवून मारा. आधी मधला जुडगा, मग दोन्ही कडा, मग बाकीचे. पहिल्या फेरीत मधला सैल पडलेला असतोच. पुन्हा मधून सुरुवात करून सगळे एकदा ओढून घ्या. तळहात सपाट ठेवून ताण्यावर डावीकडून उजवीकडे फिरवा. सगळीकडे हाताला सारखंच लागलं पाहिजे. सारखं झालं की मगच पूर्ण गाठ.

विणायला सुरुवात

सुरुवातीला दोन-तीन फेरे जाड, टाकाऊ सुताचे. गाठींमुळे धागे जुडग्या-जुडग्यांत गोळा झालेले असतात, ते यामुळे समान पसरतात. चार-पाच ओळींत फटी मिटल्या नाहीत तर आणखी दोन ओळी टाका.

पट्टी वर केली की भोकांतले धागे वर जातात, खाली केली की खाली. त्यांच्यामधल्या फटीतून धोटा जातो. प्रत्येक वेळी धोटा टाकण्याआधी बाजूने वाकून फट पाहा, ती स्वच्छ आहे ना. एखादा धागा मध्येच लटकत असेल तर धोटा त्याच्या चुकीच्या बाजूने जाईल आणि कापडावर लांब टाका सुटेल.

आडवा धागा कडेपाशी हलका ओढून वळण नीट करा, मग तो सरळ न ठेवता तिरपा, साधारण तीस अंशांत, वर न्या. किंवा मध्ये इंचभर उंच कमान करा. मग पट्टी पुढे आणून तो जागेवर दाबा. तिरपं का? आडव्या धाग्याला १२० उभ्या धाग्यांच्या वर-खाली जायचं असतं, त्याला सरळ रेषेपेक्षा जास्त लांबी लागते. सरळ ताणून ठेवला तर ती लांबी तो कडेकडून ओढून घेतो आणि कापड आत आखडत जातं.

आखडणं हीच नवख्याची मोठी अडचण. बारा इंचांवर इंचभर आत येणं ठीक. दीड-दोन इंच आत आलं की कडेचे धागे पट्टीत तिरके घासू लागतात आणि एकामागून एक तुटतात. दर दोन इंचांनी रुंदी मोजा. पट्टीतून येणाऱ्या कडेच्या धाग्यांची रेघ आणि कापडाची कड यांच्यात स्पष्ट कोन दिसायला लागला म्हणजे तुम्ही ओढताय. त्यावर इलाज म्हणून कडेला धाग्याचे मोठे फास सोडू नका. कमान वाढवा, कडेवरचा वेढा घट्टही नको आणि लोंबताही नको. कडेच्या शेवटच्या धाग्याला नुसता टेकेल इतका.

आणि ठोकू नका. पट्टी पुढे आणून धागा ठेवायचा आहे, रेटायचा नाही. साध्या, समतोल विणीत उभे दहा तर आडवेही दहा. मोजपट्टी लावून एक इंचात मोजा. चौदा-पंधरा येत असतील तर हात जड आहे आणि सूतही अपुरं पडेल. बसल्या बसल्या पहिल्या चार इंचांत हे मोजलं तर पुढे हात आपोआप त्याच जोरावर स्थिरावतो.

विणलेली कड पट्टीपासून दोन-तीन इंचांवर आली की कापड पुढे गुंडाळा. त्याहून जवळ विणत राहिलं तर फट लहान होते, धोटा अडकतो आणि चुकीचे टाके पडतात. पुढच्या काठीच्या गाठी कापडाच्या वेढ्यांखाली येतील तेव्हा तिथेही कागद घाला.

धागा संपला तर गाठ नको. जुन्या टोकावर नवीन टोक त्याच फटीत इंच-दीड इंच शेजारी ठेवा आणि दाबा. टोकं कापडातून बाहेर राहू द्या, धुतल्यानंतर कापा. जोड कडेवर न आणता आतल्या बाजूला येईल असं पाहा.

बिघडलं तर

उभा धागा तुटला की नवखे घाबरतात. घाबरण्यासारखं काही नाही. तेवढ्याच लांबीचा आणि वर फूटभर असा नवा धागा घ्या, त्याच भोकातून किंवा फटीतून ओवा. पुढचं टोक कापडात दोन इंच खाली टोचलेल्या टाचणीभोवती आठच्या आकड्यात गुंडाळा. मागचं टोक मागच्या दांड्यावरून लोंबकळत सोडा आणि त्याला छोटी डबी बांधून तीत चार-पाच नटबोल्ट टाका. ताण शेजारच्या धाग्यांएवढा झाला की विणत राहा. टाचणीजवळची टोकं नंतर सुईने कापडात ओवायची.

लांब टाका सुटलेला दोन-चार ओळींनी दिसला तर उसवा. पुष्कळ ओळींनंतर दिसला तर तसाच ठेवा. मागावरून उतरवल्यावर त्याच मार्गाने सुईने दुसरा धागा ओवून मग चुकीचा कापता येतो. दहा इंच उसवताना ताण्याचे धागे पिंजारतात, त्यातलं नुकसान जास्त.

एकच धागा सैल पडला तर मागच्या बाजूला, ताण्याच्या गुंडाळीवर, त्याच्याखाली घडी केलेला कागद सरकवा. ताण येतो. अर्धी बाजूच सैल असेल तर मात्र पुढच्या गाठी सोडून पुन्हा बांधणं हाच मार्ग, आणि तो टाळू नये.

दुपारच्या सुट्टीत किंवा रात्रभर काम थांबवायचं तर दांड्याच्या दातेरी चाकाचे एक-दोन दाते सोडून ताण सैल करा. जून ते सप्टेंबर पुण्याच्या दमट हवेत सूत ओलावा घेतं, सकाळी ताण वेगळा लागतो. विणायच्या आधी तळहाताने पुन्हा तपासा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लोकर विणत असाल तर धागे एकमेकांना चिकटतात. पाण्याचा अगदी हलका फवारा मारला की सुटतात.

चार शाफ्टवर बसायची वेळ आली तर

ओवणी शाफ्ट १, २, ३, ४ अशी सरळ. चार-चारचे गट पाडून प्रत्येक गट बोटाने तपासत जा. १ आणि ३ विरुद्ध २ आणि ४ उचलले की साधी वीण. १-२, २-३, ३-४, ४-१ या क्रमाने उचलले की तिरपी रेघ असलेलं ट्विल. ट्विलमध्ये आडवा धागा दोनावरून उडी मारतो, त्यामुळे धागे जास्त जवळ बसतात. तेच सूत इंचाला दहाऐवजी बारा-तेरा भरावं लागतं. कुठल्या ओळीवर होतो हे विसरायला वेळ लागत नाही, तेव्हा क्रम कागदावर लिहून त्यावर क्लिप सरकवत न्या.

मागावरून उतरवल्यावर

शेवटची ओळ झाली की टाकाऊ सुताच्या तीन-चार ओळी पुन्हा टाका, म्हणजे कापड सुटणार नाही. झालरीसाठी पाच इंच सोडून कापा. चार-चार धाग्यांच्या गाठी कापडाला लागून मारा, आणि गाठ मारत जाल तसतशा टाकाऊ ओळी काढत चला. गाठींनी जाडी येऊ नये असं वाटत असेल तर ताण असतानाच मागावर सुईने हेमस्टिच (कडेचे धागे बांधणारी टाक्यांची ओळ) घालता येते. त्यासाठी पहिल्या ओळीला धाग्याचं टोक रुंदीच्या चौपट लांब सोडावं लागतं. हे सुरुवातीलाच ठरवायचं असतं, म्हणून कार्यशाळेत पहिल्या तासातच विचारून घ्या.

मागावरचं कापड अजून कापड नसतं, नुसते एकमेकांवर ठेवलेले धागे असतात. धुतल्यावर सूत फुगतं आणि फटी भरतात. न धुता वापरायला काढलेला रनर आठवड्यात सरकून वाकडा होतो. कोमट पाण्यात रिठ्याचं पाणी किंवा सौम्य साबण घालून वीस मिनिटं भिजवा, हलक्या हाताने दाबा. पिळू नका. पंच्यात गुंडाळून पाणी टिपा, सावलीत सपाट वाळवा, आणि थोडं दमट असतानाच इस्त्री करा. पावसाळ्यात वाळायला दोन दिवस लागले तरी घडी घालून ठेवू नका, बुरशीचे ठिपके पडतात. लोकर असेल तर पाणी थंड, आणि चोळायचं अजिबात नाही, ती आळते.

घरी पुढे काय

लगेच महागडा माग घेऊ नका. सुताराकडून सोळा बाय बारा इंचांची चौकट करून घ्या. पट्ट्या इंचभर जाड, कोपरे खाचा पाडून जोडलेले. नुसते खिळे मारलेले नकोत, कारण ताण आला की चौकट तिरकी होते. वरच्या आणि खालच्या पट्टीत पाव-पाव इंचावर बिनडोक्याचे खिळे, एकाआड एक दोन ओळींत, नाहीतर लाकूड एका रेषेत चिरतं. इंचाला चार धागे येतात. जाड लोकर किंवा सुती दोरी बाण्याला घेऊन बसकर, पिशवीची बाजू, भिंतीवरची पट्टी होते.

चरख्यावर सूत कातायला शिकवणारा अर्धा दिवसही काही कार्यशाळांत असतो. गांधीजी तुरुंगात असताना घडवलेला पेटीचरखा येरवडा चक्र म्हणून ओळखला जातो. बंद केला की सुटकेससारखा हातात धरून नेता येतो. पहिलं हातकताईचं सूत जाड-बारीक असतं, ते ताण्याला तुटतं. बाण्याला वापरा, तिथे तीच गाठाळ जाडी देखणी दिसते.

७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन. त्या सुमारास प्रदर्शनांत विणकर प्रत्यक्ष माग घेऊन बसलेले असतात तेव्हा जा, आणि त्यांचे हात पाहण्याआधी मागच्या बाजूला उभे राहून ताणा कसा बांधला आहे ते पाहा. केळकर संग्रहालयातली जुनी वस्त्रंही, विणून झाल्यावर पाहिली तर, वेगळी दिसतात. कड आणि पदराची जोडणी याकडे आपोआप लक्ष जातं.

विणलेल्या पहिल्या कापडाच्या टोकाची दोन इंची पट्टी धुण्याआधी कापून वहीत डकवा. शेजारी लिहा: कोणतं सूत, किती पदर, इंचाला किती उभे, किती आडवे, मागावरची रुंदी आणि लांबी, धुतल्यानंतरची रुंदी आणि लांबी, किती ग्रॅम लागलं. दुसऱ्या कापडाचं गणित या आकड्यांवरून करायचं, पंधरा टक्क्यांच्या अंदाजावरून नाही.